मागच्या बाकावरचा सभासद

"आबा, तुम्ही काय वाचताय सध्या?"

मी सगळ्यांच्या देखत विचारलं, आणि मुद्दामच विचारलं. शनिवारची बैठक संपत आली होती. वाचनालयाच्या व्हरांड्यात अकरा माणसं होती आणि दहा जणांचं सांगून झालं होतं. अकरावा सभासद मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर कापडी पिशवी, बोटांत पेन्सिलीचं थोटूक.

"माझं ऱ्हाऊ द्या," म्हातारा म्हणाला. "मी आपला ऐकायला येतो."

"वर्षभर ऐकताच आहात. पुस्तक तर दर आठवड्याला नेता. काय वाचलंत, एवढं दोन वाक्यांत सांगा की!"

"अजून पुरं झालं न्हाई, बाई."

"कुठल्या पानावर आहात?"

लोक हसले. पोस्टातून निवृत्त झालेले हणबरमास्तर म्हणाले, "राहू द्या हो बाई, ही काय परीक्षा आहे?" म्हाताऱ्यानं हातातला कागद दोनदा दुमडला आणि कोपरीच्या खिशात घातला. त्यावर काय लिहिलं होतं ते मला ठाऊक होतं. क ५१८. क ५१८ हे पुस्तक त्या दिवशी शालन मुळीकच्या हातात होतं. पुढच्या शनिवारी ती ते परत करणार होती, आणि तिची पाठ वळल्यावर पाच मिनिटांत हा माणूस काउंटरशी येऊन तेच मागणार होता. गेलं वर्षभर दर शनिवारी हेच चाललं होतं.

मी तेरदाळेबाई. सांगलीपासून दीड तासावरच्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. पुस्तकांची नावं आता डोक्यातून गेली, नंबर मात्र अजून पाठ आहेत. ही गोष्ट एक्क्याण्णव सालातली. शनिवारची बैठक मीच सुरू केली होती. दुपारी चारला जमायचं आणि प्रत्येकानं आपण सध्या काय वाचतोय ते सांगायचं. पुस्तक हातात हवं. आधी नंबर सांगायचा, मग नाव, मग कितव्या पानावर आहोत ते, आणि मग काय म्हणायचं असेल ते. थापा मारणारे गळावेत म्हणून मी हे नियम केले होते. न वाचता गप्पा हाणणारे आमच्या गावात पुष्कळ. पानाचा आकडा विचारला की त्यांची बोबडी वळायची, आणि मला बरं वाटायचं. सगळं मी एका वहीत टिपून ठेवायची.

मला संशयाची खोड आहे, हे आधीच कबूल करते. आमचे हे म्हणायचे, हिच्यासमोर प्रत्यक्ष देव उभा राहिला तरी ही आधी त्याचं कार्ड बघेल. पण वाचनालयाच्या खुर्चीत बसणाऱ्याला संशय ठेवावाच लागतो. पानं फाडणारे असतात, चित्रं कापणारे असतात, आणि पुस्तकात चिठ्ठ्या घालून पोरींना गाठणारेही असतात. असला एक मी चौऱ्याऐंशी साली रंगेहाथ पकडला होता. तेव्हापासून माझ्या नजरेचा गावात दरारा होता, आणि मलाही त्याचा जरा ताठाच होता.

म्हाताऱ्याचं नाव केरबा खोत. पहिल्यांदा दिसला तो व्हरांड्याच्या कठड्याबाहेर. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. गावात मोतीबिंदूचं शिबिर चालू होतं, तिकडूनच आला असणार. आत शालन बोलत होती. बोलता बोलता तिची नजर कठड्याकडे गेली आणि ती मधेच थांबली. प्यायला पाणी मागितलं. भांडं घेताना तिचा हात थरथरला, तो मी पाहिला. पुढच्या शनिवारी म्हातारा आत येऊन बसला, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी वर्गणी भरून सभासद झाला.

शालन तिशीच्या आतली. दोन-अडीच वर्षांपूर्वी एकटीच गावात आली होती. दत्तमंदिरामागच्या बालवाडीत शिकवायची आणि कुंभार आळीत एक खोली घेऊन राहायची. गळ्यात काही नव्हतं. कुणी माहेरची, सासरची चौकशी केली की हसून विषय पुस्तकावर न्यायची. डावा हात कोपरात जरा वाकडा होता. वाचन मात्र दांडगं. बारीक टाइपाच्या जाडजूड कादंबऱ्या आठवड्यात संपवायची आणि सांगायचीही छान. माझा तिच्यावर जीव होता, मग तिच्यामागे लागलेला हा म्हातारा माझ्या डोळ्यांत खुपणार नाही तर काय?

बरं, दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नसे. तो आला की तिची पाठ ताठ व्हायची. हळूहळू ती मोठ्यानं बोलायला लागली, एकेक शब्द सुटा करून. मला वाटलं, घाबरलेलं माणूस असंच उसनं अवसान आणून बोलतं. मग तिची पुस्तकंही बदलली. जाड कादंबऱ्या सुटल्या, ती मोठ्या अक्षरांची पुस्तकं मागायला लागली, बालविभागातलीसुद्धा.

"ही कुणासाठी गं?" मी एकदा विचारलं.

"बालवाडीतल्या पोरांसाठी, बाई."

बालवाडीतल्या पोरांना वाचता येत नाही, एवढं मलाही कळत होतं. मी मनाशी नोंद केली की पोरीचं चित्त ठिकाणावर राहिलेलं नाही, आणि कारण मागच्या बाकावर बसलंय.

मी पाळत सुरू केली. शालननं परत केलेलं पुस्तक म्हाताऱ्याला देण्याआधी पानन्‌पान चाळायची. त्यानं परत केलं की पुन्हा चाळायची. चिठ्ठी नाही, खूण नाही, पेन्सिलीचा साधा ठिपकाही नाही. एखाद्या पानावर तंबाखूचा कण किंवा तेलकट बोटाचा डाग, बस्स. काही सापडत नाही म्हणजे माणूस पोचलेला आहे, असंच मी धरून चालले. गोगलगाय नि पोटात पाय.

एकदा शालनला बाजूला घेतलं.

"तो म्हातारा तुला त्रास देतो का?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कोण म्हातारे? नाही हो बाई. त्यांना काही बोलू नका."

"मग तू त्याला बघितल्यावर अशी का होतेस?"

"काही होत नाही मला. बाई, पाया पडते, त्यांना येऊ द्या. कुणाला काही विचारू नका."

इतकं कुणी सांगितलं की शहाण्या बाईनं गप्प बसावं. मी बसले नाही. ती नाव घ्यायलाही भ्यायलीय, म्हणजे त्यानं काहीतरी धमकी दिलेली आहे, असा मी अर्थ काढला. तिला माझ्याशिवाय आहे कोण, असंही वाटलं. खरं सांगते, तेव्हा मला स्वतःचा थोडा अभिमानसुद्धा वाटला.

त्याच्या सभासद-अर्जावर पत्ता होता एका सायकल दुकानाचा. म्हणजे तोही खोटाच! मी दुपारच्या सुट्टीत त्या दुकानात गेले. दुकानदार पंक्चर काढत होता.

"केरबा आण्णा व्हय? ते हितं ऱ्हात न्हाईत," तो म्हणाला. "बोरजाईवाडीचे. दर शनिवारी तीनच्या यष्टीनं येत्यात, सहाच्यानं जात्यात. टपाल आलं तर ठिवून घे म्हणालेत."

"टपाल इथं का? घरी का नको?"

"ते काय म्या इचारलं न्हाई, बाई. घरी ल्योक सोसायटीत सेक्रेटरी हाय म्हणं. मोठं प्रस्थ हाय."

बावीस मैलांवरून दर शनिवारी यायचं, घरी कळू द्यायचं नाही, आणि एका एकट्या बाईनं वाचलेलंच पुस्तक न्यायचं. मला आणखी पुरावा नको होता.

मी त्याला सगळ्यांच्या देखत विचारलं त्याच्या पुढच्याच शनिवारी म्हातारा आला नाही, आणि शालननंही क ५१८ आणखी आठवडाभर ठेवून घेतलं. क ५०२ त्याच्याकडे होतं. मुदत उलटून जेमतेम तीन दिवस झाले होते. आमच्याकडे पंधरा दिवस झाल्याशिवाय स्मरणपत्र पाठवायची पद्धत नव्हती, पण मी कार्ड काढलं आणि लिहायला बसले. पत्ता सायकल दुकानाचा न घालता बोरजाईवाडीचा घातला. मजकूर मला आजही जसाच्या तसा आठवतो. 'आपल्याकडे क ५०२ हे पुस्तक आहे. मुदत संपली आहे. सदर पुस्तक आपल्याआधी श्रीमती शालन मुळीक यांच्याकडे होते. आपण नेलेली मागील सर्व पुस्तकेही त्यांच्याचकडून आलेली आहेत, याची वाचनालयाने नोंद घेतली आहे.'

आपलं बिंग कुणीतरी पाहिलंय हे त्याला कळावं, आणि घरातल्या कुणाच्या हाती कार्ड पडलं तर तेही बरंच, असा माझा हिशेब. साधं पोस्टकार्ड, उघडं. मी स्वतः पेटीत टाकलं.

गुरुवारी सकाळी साडेअकराला एक गृहस्थ आले. चाळिशीच्या आतबाहेरचे. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात पेढ्यांचा पुडा. दारातच चपला काढल्या आणि हात जोडले.

"नमस्कार बाई. मी जयसिंग खोत. केरबा खोत माझे वडील."

माझ्या समोर खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी परवानगी विचारली. कपाटांकडे बघून म्हणाले, किती निगुतीनं ठेवलंय सगळं. आमच्या गावातही असं वाचनालय काढायचं मनात आहे, तुमच्यासारखं माणूस मिळायला हवं. मग त्यांनी माझं कार्ड खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

"हे पुस्तकही घेऊन आलोय. दंड असेल तो सांगा. वडिलांना ताप होता, म्हणून राहिलं." जरा थांबून म्हणाले, "बाई, एक विचारू? मुलानं बापाबद्दल विचारणं बरं दिसत नाही. पण वय झालंय त्यांचं. शनिवारी कुठं जातात, काय करतात, घरात काही सांगत नाहीत. तुम्ही कार्डात लिहिलंय त्याचा अर्थ काय घ्यायचा मी?"

वर्षभर मी ज्याची वाट पाहत होते तो माणूस शेवटी समोर आला होता. शांतपणे ऐकून घेणारा, समंजस. मी हातचं काही राखलं नाही. कागदावर लिहिलेले नंबर, मागचा बाक, शालनचं थरथरणं, सगळं सांगितलं. वही काढून समोर ठेवली. ते एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले. घाई नाही, चेहऱ्यावर राग नाही. एका ठिकाणी बोट थांबलं.

"ह्या मुळीकबाई कधीपासून येतात?"

"दोन-अडीच वर्षं झाली."

"एकट्याच असतात?"

"एकटीच. म्हणून तर काळजी."

"अरेरे," ते म्हणाले. "बाई, मला त्यांची माफी मागायला हवी. आमच्या घरचं माणूस असं वागतं म्हणजे मान खाली जाते. कुठं भेटतील?"

मी सांगितलं. बालवाडी दत्तमंदिरामागे, एक वाजता सुटते. खोली कुंभार आळीत, नळाच्या शेजारची दुसरी. घरापर्यंत जाणं तिला अवघड वाटेल, त्यापेक्षा बालवाडीतच गाठा, असा सल्लाही मीच दिला.

"आधी कळवू नका त्यांना," जाताना ते म्हणाले. "उगाच संकोच वाटेल." त्यांनी पुन्हा हात जोडले. मी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि किती दिवसांनी एक चांगलं काम झालं म्हणून समाधानानं टेबल आवरायला घेतलं.

पाऊण वाजता केरबा खोत आला.

गुरुवार त्याचा वार नव्हता. डोक्यावर टोपी नव्हती, धोतराचा सोगा सुटलेला, दम लागलेला. दारात चौकट धरून उभा राहिला.

"त्यो आला हुता का?"

"कोण?"

"माझा ल्योक. कारड घिऊन आलाय. मला आत्ता शेजारणीनं सांगितलं. मागनं मिळंल त्या टेम्पोनं आलो."

"येऊन गेले," मी म्हणाले. "सज्जन आहेत. तुमच्यापायी त्यांना खाली मान घालावी लागली, आबा. ते मुळीकबाईंची माफी मागायला गेलेत."

म्हातारा खाली बसला. 

"काय केलासा, बाई," तो म्हणाला. "काय केलासा हे!"

"मी काय केलं?"

"शालन माझी सून हाय. मुळीक तिचं म्हायेरचं नाव. त्या जयसिंगाची बायकू."

मला काही सुधरेना. मी काहीतरी म्हणाले, की मग तिनं सांगितलं का नाही, तुम्ही का नाही सांगितलं. तो ऐकतच नव्हता. भिंतीला धरून उठत होता आणि बोलत होता.

"दाराच्या अडसरानं हात मोडला त्यानं तिचा. पुस्तक वाचीत बसली म्हणून. मला नि म्हातारीला रोज रातच्याला वाचून दावायची, तेवढंच निमित्त. म्या समोर हुतो. समोर असून उठलो न्हाई, बाई. मग ती गेली निघून. लई शोधली त्यानं, मुंबईपत्तुर शोधली. म्या डोळा दावायला हितं आलो तर हिचा आवाज आला कानावर. तुमच्या ह्या व्हरांड्यात बसून पुस्तक सांगत हुती."

"मग तुम्ही एकमेकांशी बोलत का नव्हता?"

"दर महिन्याला बेलभंडारा उचलाय लावतो त्यो मला. 'तिच्याशी बोललासा का? तिची चिठ्ठी आली का?' देवाम्होरं खोटं कसं बोलू? बोललो न्हाई, चिठ्ठी न्हाई, हे खरंच ऱ्हायला पायजे म्हणून न्हाई बोललो. ती पुस्तक सांगायची, म्या ऐकायचो, तेच घरी जाऊन वाचायचो. तिनं वाचलं तेच वाचलं की बोलल्यावाणी वाटायचं."

मोठ्या अक्षरांची पुस्तकं ती त्याच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यासाठी घेत होती, आणि एकेक शब्द सुटा करून बोलायची ती मागच्या बाकावर ऐकू जावं म्हणून. हे मला तिथं, त्या क्षणी, वाचनालयाच्या दारात कळलं. माझी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची इच्छा झाली. पण एकला सात मिनिटं कमी होती. मी वाचनालयाचं दार नुसतं ओढून घेतलं, कुलूपही लावलं नाही, आणि म्हाताऱ्याचा हात धरून निघाले.

दत्तमंदिर तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर. आम्ही पोचलो तेव्हा बालवाडी सुटत होती. आया पोरांना घ्यायला आल्या होत्या. समोरच्या कडुनिंबाखाली पांढरा शर्ट उभा होता. एका आईच्या कडेवरच्या पोराला टाळी वाजवून हसवत होता. पोरं पांगायची तो वाट बघत होता. शालन आत सतरंज्या गोळा करत होती. तिनं त्याला पाहिलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं माझा हात सोडला.

"शालन!" तो ओरडला. एवढा आवाज त्या छातीत असेल असं वाटलं नव्हतं. "पोरी, आतनं कडी लाव! जयसिंग आलाय!"

तिनं वळून पाहिलं. हातातली सतरंजी पडली. "मामंजी," एवढंच ती म्हणाली, आणि दार बंद झालं. आतली कडी वाजलेली आम्हा सगळ्यांना ऐकू आली.

जयसिंग खोत हसत पुढे आला. आवाज तोच, सकाळचा, साखर पेरलेला.

"आबा, तापात उन्हात कशाला आलात?" मग आयांकडे वळून म्हणाला, "वडील आहेत माझे. डोकं जरा ठिकाणावर नसतं. माफ करा हं." आणि मग माझ्याकडे. "बरं झालं बाई तुम्ही आलात. तुम्हीच सांगा ह्यांना. हे इथं काय करत होते, कुणाच्या मागं होते, तुमच्या वहीत सगळं आहे."

सात-आठ बाया माझ्याकडे बघायला लागल्या. गावात मला सगळ्या ओळखत. तेरदाळेबाई म्हणेल ते खरं, असं होतं. मी बालवाडीच्या पायरीवर चढले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"ह्या आबांना मी वर्षभर बघते आहे," मी म्हणाले. "मी ह्यांच्यावर संशय घेतला, तो माझा मूर्खपणा होता. ह्यांनी कुणाला काडीचाही त्रास दिलेला नाही. आतल्या बाईचा हात ह्या माणसानं मोडला आहे. बायांनो, जाऊ नका कुणी. इथंच थांबा."

कुणी गेलं नाही. एकीनं पोराला खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग दुसरी आली. एकीच्या हातात दळणाचा डबा होता, तो तिनं पायरीवर आपटला.

जयसिंगनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. राग आला असेल तर दाखवला नाही. माणूस मानपान जपणारा. खिशातली पेनं सारखी केली आणि हात जोडले.

"गैरसमज झालेला दिसतो. हरकत नाही. जागा कळली, आता येणं-जाणं होईलच," तो म्हणाला. "आबा, संध्याकाळी घरी या. बोलू."

तो गेल्यावर अर्ध्या तासानं शालननं दार उघडलं. ती रडत नव्हती. मी काहीबाही बोलत होते. माझ्या घरी राहा, पोलिसात जाऊ, वकील माझ्या ओळखीचे आहेत. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही चोवीस तास दारात उभ्या राहणार आहात का?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती.

चारच्या सुमारास आम्ही तिघं स्टँडवर होतो. तिची एक पिशवी आणि एक पत्र्याची पेटी, एवढाच संसार. पेटी उघडून तिनं क ५१८ काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे मामंजींच्या नावावर चढवा. माझं झालंय वाचून. बैठक चांगली असायची, बाई."

"शालन, माझं चुकलं," मी म्हणाले. "मला क्षमा कर."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पेटीची कडी लावली. क्षमा केली की नाही, ते मला आजही माहीत नाही. मग ती सासऱ्यासमोर वाकली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

"मामंजी, मी आता..."

"सांगू नगंस," तो घाईनं म्हणाला. "कुठं जाणार ते मला सांगू नगंस, पोरी. आता त्यो नीट इचारणार. 'कुठं हाय?' असंच इचारणार. मला ठावंच नसलं म्हंजे झालं."

"मग तुम्हाला कसं कळणार माझं?"

"न्हाई कळणार," म्हातारा म्हणाला.

ती फलाटांच्या बाजूला गेली. तीन गाड्या लागल्या होत्या, तीन दिशांच्या. म्हातारा बाकावर बसला, तो गाड्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. मी त्याच्या शेजारी बसले. आमच्यामध्ये पुस्तक होतं.

"आबा," मी म्हणाले, "मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

"शिव्या कशाला देऊ?" तो म्हणाला. "माझ्याकडं वरीसभर निरखून बघत हुतासा. त्याच्याकडं जरा बघायचं हुतं, बाई."

मागे कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गिअर पडला. म्हाताऱ्यानं डोळे घट्ट मिटून घेतले, भिंतीकडे तोंड असूनही. गाडी वळून आमच्या बाजूनंच बाहेर पडणार होती, पाटी डोळ्यांच्या कडेला दिसली असती.

"गेली का?" त्यानं विचारलं.

"गेली."

"लांब गेली?"

"लांब गेली, आबा. उघडा डोळे."

मी मात्र वळून पाहिलं होतं. खिडकीशी बसलेली शालन पाहिली आणि काचेवरची पाटीही वाचली. त्यानंतर जयसिंग खोत वाचनालयात दोनदा आला, एकदा पेढे घेऊन आणि एकदा पेढ्यांशिवाय. गावातल्या लोकांनी विचारलं, हणबरमास्तरांनी विचारलं, आमच्या ह्यांनीही विचारलं. त्या पाटीवर कुठल्या गावाचं नाव होतं, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. इथेही सांगणार नाही.